माझ्या संघातला डावखुरा

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून होस्टेलवर जे काही उद्योग चालतात, त्यात भारताचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ निवडणं हा सगळ्यात आवडता. कागद कुणाच्या तरी असाइनमेंटचा, पेन कुणाचं तरी ढापलेलं, आणि निवड समितीत दहा जण! गावसकर, सचिन, द्रविड, कपिल इथपर्यंत गाडी झोकात जाते. मग येतो डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि तिथे दर वेळी अडते. कुणाला विनू मांकड हवा, कुणाला जडेजा. आमच्या विंगमध्ये एक पठ्ठ्या अमृतसरचा आहे, त्याच्यासमोर बेदी सोडून दुसरं नाव काढायची सोय नाही.

या वर्षी मी काढलं. बाळू पालवणकर.

आधी कोण, असं विचारून झालं. मग किती टेस्ट, असं विचारलं. एकही नाही म्हटल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी व्हायव्हाला कोरा कागद घेऊन गेलोय. एकाने मुद्दा मात्र बिनतोड मांडला. जो परीक्षेलाच बसला नाही त्याचं नाव मेरिट लिस्टमध्ये कसं घालणार? त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. मॅगझिनच्या संपादकांनी मराठी विभागासाठी काहीतरी द्याच म्हणून तगादा लावलाच होता, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. बाळूची आणि माझी ओळख इंग्रजीतून झाली. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे डब्ल्यू. जी. ग्रेसची दाढी मला सहावीपासून माहीत होती, पण पुण्यात वाढलेला बाळू भेटला तो रामचंद्र गुहांच्या 2002 साली आलेल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या जाडजूड पुस्तकात. मराठी मुलाला मराठी माणसाची ओळख इंग्रजी पुस्तकाने करून द्यावी याची थोडी लाज वाटली, पण असो. आणि हो, मी त्याला एकेरीत बाळू म्हणणार आहे. आपण सचिनला कुठे सचिनराव म्हणतो?

बाळूचा जन्म 1875-76च्या सुमारास धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चांभार समाजाचं, वडील लष्करात नोकरीला. त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्कराच्या गावात क्रिकेट असणारच. गोरे अधिकारी खेळून झाल्यावर जे सामान टाकून देत त्यावर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, सभासदांची लहर लागली तर त्यांना अधूनमधून चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. 1892च्या आसपास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये. म्हणजे तेहतीस टक्के हाइक, आमच्या प्लेसमेंट सेलच्या भाषेत.

इथेही काम तेच. खेळपट्टी दाबायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, नेट लावायचं. पण ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्याला नेटमध्ये गोलंदाजी करायला लावली आणि सगळं बदललं. डाव्या हाताने संथ गोलंदाजी, सोपी अ‍ॅक्शन, टप्पा हवा तिथे. चेंडू दोन्हीकडे वळायचा, उंची आणि वेग न कळत बदलायचा. साहेबलोक खूष! मुख्य म्हणजे त्यात एक होता कॅप्टन ग्रेग. हा त्या काळातला हिंदुस्थानातला एक अव्वल गोरा फलंदाज. पुढे हॅम्पशायर काउंटीकडून खेळला आणि म्हातारपणी चक्क कॅथॉलिक धर्मगुरू झाला. हा ग्रेग बाकीच्यांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूसमोर सराव करायचा. आख्यायिका अशी की बाळूने त्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस.

मी हिशोब करून बघितला. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. ग्रेगला आठ वेळा उडवला की महिन्याचा पगार सुटला. जगातला कुठला बोलिंग कोच याहून चांगलं काही शोधून काढेल असं मला वाटत नाही. रोज तासन्‌तास, तेही खऱ्या फलंदाजासमोर, आणि प्रत्येक विकेटला घरात जास्तीचं पीठ. बाळू तयार झाला तो या शाळेत.

पण या शाळेत एक विषय शिकवलाच जात नव्हता. बाळूला तिथे बॅट कधीच मिळाली नाही. चेंडू टाकणं हे चाकरीचं काम होतं, फलंदाजी साहेबांची. पुढे त्याची प्रथम श्रेणी सामन्यांतली फलंदाजीची सरासरी 13.69 राहिली, सर्वाधिक धावा 75. आमच्या निवड समितीतल्या एका सदस्याने हाच आकडा दाखवून म्हटलं की बघ, जडेजाच्या जवळपास तरी येतो का. बरोबर आहे, नाही येत. पण सरावाच्या वयात ज्याला नेटमध्ये बॅट हातात धरू दिली नाही त्याने केलेल्या 75 धावा मला तरी कमी वाटत नाहीत.

आमिर खानच्या 'लगान'मधला कचरा आठवतो ना? 2001चा सिनेमा. अस्पृश्य, फिरकी टाकणारा, आणि त्याला संघात घ्यायचं म्हटल्यावर गावातल्या लोकांनी घातलेला गोंधळ. ती गोष्ट 1893 सालची दाखवली आहे. नेमकं त्याच सुमारास, सिनेमात नाही तर खरोखर, पुण्यात बाळू ग्रेगला चेंडू टाकत होता. आणि गोंधळही तसाच झाला.

पुण्यात हिंदूंचा एक क्लब होता, त्याला गोऱ्यांच्या क्लबला हरवायचं होतं. हाताशी असा गोलंदाज आहे की ज्याच्यासमोर गोऱ्यांचा सर्वोत्तम फलंदाज रोज सराव करतो. घ्यायचा की नाही? घ्यायचा असं काहींचं मत, आणि मुळीच नाही असं बाकीच्यांचं. शेवटी जिंकायची हौस विटाळापेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आला. मैदानावर एक न्याय आणि मैदानाबाहेर दुसरा असं सुरू झालं. चेंडू चामड्याचा, तो बाळूच्या हातून सुटणार, फलंदाजाच्या बॅटला लागून ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातात जाणार, तो परत बाळूकडे फेकणार. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूला चहा बाहेर, पिऊन झाला की टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचं तर पाणी घालायलाही अस्पृश्य माणूसच. एकाच दिवसात, एकाच संघात! मला वाटतं हा माणूस दर सामन्यात सीमारेषेवर दोनदा जन्म घेत असेल, आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा.

साताऱ्याच्या गोऱ्यांशी झालेल्या सामन्याची गोष्ट सांगतात. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी म्हणे कितीतरी दिवस आधीपासून खेळपट्टी रोलरने दाबून दगडासारखी केली. आता रोलर हा प्रकार बाळूला शिकवणार? त्याचं अर्धं आयुष्य रोलरच्या दांडीला गेलेलं. त्याने सात गडी बाद केले. पुण्यात परतल्यावर त्याचा सत्कार झाला, न्यायमूर्ती रानडे यांनी त्याला हार घातला, टिळकांनीही त्याचा जाहीर गौरव केला. रानडे आणि टिळक यांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं असेल त्यात बाळूची गोलंदाजी होती, हे वाचून मला फार मजा वाटली.

1896च्या सुमारास तो मुंबईला आला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळायला लागला. इथेही काही सभासदांनी नाकं मुरडली, पण गोलंदाजी बघून गप्प बसले. नोकरी पुढे बीबीसीआय रेल्वेत. तिच्या संघाकडूनही तो खेळायचा.

तेव्हाच्या मुंबईत क्रिकेट म्हणजे जातीधर्माचं क्रिकेट. आधी पारशी विरुद्ध युरोपियन, मग हिंदू आले, 1912मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी सामने झाले. टेस्ट मॅच वगैरे काही नाही. हिंदुस्थानचा संघ असा प्रकारच अस्तित्वात नव्हता. सगळ्यात मोठी परीक्षा हीच. फेब्रुवारी 1906मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. बंगालची फाळणी नुकती झालेली, स्वदेशीचं वारं जोरात. हिंदूंनी पहिल्या डावात 242 केल्या, गोऱ्यांनी 191. दुसऱ्या डावात हिंदू 160वर आटोपले. म्हणजे जिंकायला 212 हव्या होत्या. गोरे 102मध्ये गारद! 109 धावांनी विजय, आणि दुसऱ्या डावात कंबरडं मोडणाऱ्यांत पुढे होता बाळू. शिवरामही त्या संघात होता. या सामन्यानंतर 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने लिहिलं ते मात्र विजयाबद्दल कमी आणि पंगतीबद्दल जास्त. पुण्यात बाहेर चहा पिणारा बाळू मुंबईच्या जिमखान्यात बाकीच्यांबरोबर बसून जेवत होता, आणि त्या पत्राच्या मते खरी बातमी ती होती.

आता 1911. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हे एक वर्ष आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

सगळ्या धर्मांचा मिळून पहिला हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला तो त्या उन्हाळ्यात. पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं अवघं एकोणीस-वीस, म्हणजे आमच्याएवढं. महाराजांना क्रिकेटपेक्षा मेजवान्यांत रस. थोडे सामने खेळून ते आपल्या दुनियेत रमले आणि संघातला उत्तम फलंदाज कर्नल मिस्त्री त्यांच्या दिमतीला असल्याने तोही बहुतेक वेळ त्यांच्याबरोबर. राहिलेल्यांनी खेळायचं कसं? सुरुवातीला एकामागून एक पराभव. एकूण 23 सामन्यांत सहा विजय, पंधरा पराभव.

अशा संघात, पस्तिशीच्या वयात, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या बाळूने दौऱ्यात 114 गडी बाद केले, सरासरी 18.84. त्यातले प्रथम श्रेणी सामने 14; त्यांत 75 गडी, सरासरी 20.12. तो उन्हाळा इंग्लंडमध्ये कोरडा आणि कडकडीत तापलेला म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे ओल्या खेळपट्टीवर चेंडू आपोआप वळतो ती सवलत फारशी नाही. समोर काउंटीचे व्यावसायिक फलंदाज, ज्यांचं पोटच यावर. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात 11, आणि तो सामना आपण जिंकला. काउंटी संघावरचा तो दौऱ्यातला पहिला विजय. पुढे सॉमरसेटला हरवलं तेव्हा शिवरामने नाबाद 113 केल्या. इंग्लंडमध्येच राहून व्यावसायिक म्हणून खेळ अशा सूचना बाळूला झाल्या असं म्हणतात. तो परत आला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजातला एक विद्यार्थी पुढे होता असं सांगतात. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. विशीतला मुलगा, कॉलेजात शिकणारा. त्याच्या पिढीतल्या मुलांना आपल्यातला कुणी जगाच्या मैदानावर उभा राहिलेला दाखवायचा तर तेव्हा एकच नाव होतं.

मी हे आकडे विंगमध्ये वाचून दाखवले. विरोधी पक्षाने लगेच सँपल साइज काढली. बाळूचे सगळे मिळून प्रथम श्रेणी सामने 33, बळी 179, सरासरी 15.21, डावात पाच बळी सतरा वेळा. तेहतीस सामन्यांवरून सार्वकालिक? बेदीचे एकट्याचे 67 कसोटी सामने, 266 बळी. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मी असा निष्कर्ष काढला तर मास्तर भोपळा देतील, हे मला कबूल आहे. त्या काळी सगळीकडेच धावा कमी व्हायच्या, हेही कबूल. विल्फ्रेड ऱ्होड्स हा इंग्लंडचा डावखुरा, ज्याच्याशी बाळूची तुलना केली जायची, त्याची सरासरी 16.72 आहे. बाळूची त्याहून कमी. पण ऱ्होड्सचे बळी 4204! तेव्हा बाळू ऱ्होड्सहून मोठा असं म्हणायला मी वेडा नाही.

माझं म्हणणं एवढंच की 33 हा आकडा बाळूने निवडलेला नाही. त्याच्या उमेदीच्या काळात इथे वर्षाला मोठे सामने व्हायचेच एक-दोन. जे मिळाले त्यातल्या जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या सामन्यात त्याने डावात पाच बळी काढले. आणि जो एकमेव मोसम त्याला बाहेरच्या मोजपट्टीवर मोजता येतो, त्यात तो तिशी उलटून गेलेला असताना उतरला. मेरिट लिस्टवाल्या मित्राला उत्तर हे. परीक्षेला बसला नाही असं नाही. परीक्षा घेणारं विद्यापीठच तेव्हा स्थापन झालं नव्हतं, आणि शेजारच्या विद्यापीठाचा पेपर मिळाला तो त्याने सोडवून दाखवला.

यावर अमृतसरवाल्याने चांगली कोंडी केली. मग म्हणे पद्माकर शिवलकरलाही घे, राजिंदर गोयललाही घे. गोयलचे रणजीत 637 बळी, शिवलकरचे प्रथम श्रेणीत 589, आणि दोघेही एकही टेस्ट खेळले नाहीत. भाऊसाहेब निंबाळकरांना घे, ज्यांनी डिसेंबर 1948मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या आणि ब्रॅडमनच्या 452च्या विक्रमाला नऊ कमी असताना समोरच्या संघाने खेळच सोडून दिला. अमोल मुजुमदार घे. मी दोन दिवस विचार केला. शिवलकर आणि गोयल यांच्यावर अन्याय झाला हे नक्कीच, पण त्यांच्यासाठी दार होतं. दारात बेदी उभा होता. त्यांना कुणाशी तरी तोलून बाहेर ठेवलं गेलं, तोलणाऱ्यांचं चुकलं असेल तर असेल. बाळूच्या वेळी दारच नव्हतं. म्हणून कसोटी न खेळलेला प्रत्येक जण एकाच खात्यात टाकू नये असं माझं मत झालं आहे. निंबाळकरांबद्दल अजून माझं नक्की ठरत नाही, खरं सांगतो. तुम्हीच सांगा.

आणि बाळूपुढे बंद असलेलं एक दार मात्र त्या काळीही होतं. कॅप्टनपदाचं.

1913मध्ये चारही भाऊ, बाळू, शिवराम, गणपत आणि सगळ्यात धाकटा विठ्ठल, हिंदू संघात एकत्र खेळले. संघात वयाने, अनुभवाने, बळींनी मोठा बाळूच. तरी कॅप्टन एम. डी. पै. पै भला माणूस. हा मान खरं तर बाळूला मिळायला हवा होता असं त्याने जाहीर भाषणात सांगितलं. पण निवड करणाऱ्यांना ते मानवेना. दर वर्षी मागणी व्हायची, दर वर्षी नकार. गोलंदाजी करायला हात चालतो, मैदानावर कुणी कुठे उभं राहायचं ते सांगायला नाही! विचार केला तर मातीच्या भांड्याचंच हे वरचं मॉडेल.

1920मध्ये भांडं फुटलं. बाळूला संघातूनच वगळलं. पै आजारी पडला तेव्हा पहिल्या सामन्यासाठी कॅप्टन केलं दि. ब. देवधरांना, ज्यांच्याहून शिवराम आणि विठ्ठल संघात जुने होते. दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि कारण लपवलं नाही. जातीवरून डावललं जातंय असं पत्रक काढून सांगितलं. गावभर चर्चा झाली. अंतिम सामना पारशांशी होता. त्याला पै परतला, भाऊ परतले, बाळूही आला आणि त्याला उपकर्णधार केलं. सामन्यात पै काही वेळासाठी मैदान सोडून गेला आणि तेवढा वेळ संघ बाळूने सांभाळला. चौवेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा बाळू, क्षेत्ररक्षकांना इकडून तिकडे हलवतोय. एवढीच त्याची कॅप्टन्सी. (गंमत म्हणजे देवधरही पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. 1926मध्ये एमसीसीविरुद्ध 148 ठोकूनही, 1932 उजाडेपर्यंत ते म्हातारे ठरले. आणि नंतर महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून देऊन 101 वर्षं जगले!)

1923मध्ये विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला. चार वर्षांत तीनदा चौरंगी जिंकली. विठ्ठलने नंतर 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 1948 साली. बाळूने मात्र स्वतःबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, आणि त्याच्या गोलंदाजीचं चित्रीकरणही नाही. आपल्याकडे आहेत ते आकडे आणि इतरांनी सांगितलेल्या गोष्टी.

भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो 25 जून 1932ला लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा. पण 1932ला त्याचं नाव वेगळ्याच कागदावर आलं. ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले होते, त्याविरुद्ध गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होता, म्हणजे या प्रश्नावर आंबेडकरांच्या विरुद्ध. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावरच्या सह्यांमध्ये डॉ. आंबेडकरांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही. ज्या गावात चार रुपयांवर रोलर ओढला त्याच गावात.

1937मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला राखीव जागेवर उभं केलं. समोर खुद्द आंबेडकर. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूला 11,225. हरला, पण आंबेडकरांशी दोन हजारांच्या फरकाने हरणं म्हणजे लोकांच्या मनात त्याचं काय स्थान असेल बघा. मला हा भाग वाचताना मात्र जड गेलं. ज्या मुलाने मानपत्रासाठी खटपट केली त्याच्याविरुद्ध उभं राहायला बाळूला काय वाटलं असेल? आंबेडकर म्हणत होते की वरच्यांच्या मनात बदल होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. बाळूने तर तो बदल थोडा थोडा होताना पाहिला होता, बाहेरच्या चहापासून आतल्या पंगतीपर्यंत, आणि कॅप्टनपदापाशी तो अडलेलाही पाहिला होता. त्याला वाटलं असेल की अजून थोडा वेळ दिला तर होईल. मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. पण बाळू चुकीचा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्याचा अनुभव त्याचा होता.

4 जुलै 1955ला मुंबईत बाळू गेला. तोवर भारत टेस्ट जिंकायलाही शिकला होता, आणि डाव्या हाताने फिरकी टाकणारा विनू मांकड जगभर गाजत होता.

तर आमच्या विंगचा संघ आता असा आहे. विनू मांकड अष्टपैलू म्हणून सहाव्या नंबरवर, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. दुसऱ्या डावखुऱ्याच्या जागी मी बाळूचं नाव लिहिलं, अमृतसरवाल्याने ते खोडून बेदी लिहिलं, मी ते खोडून परत बाळू. कागद तिथे आता फाटायला आलाय. शेवटी मतदान झालं, सहा विरुद्ध चार, बाळू आत. बेदी बारावा, म्हणजे पाणी घेऊन तो येणार. अमृतसरवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. फलंदाजीत बाळू दहावा. कॅप्टन कोण यावर अजून काही ठरलेलं नाही. मी एक नाव सुचवलंय. सबमिशन सोमवारी आहे, तोपर्यंत बघू.